मुकी टिंबं

"दुसऱ्या दिवशी," मी वाचलं आणि पेन्सिलीचं बूड टेबलावर आपटलं. टक्. "सकाळी." टक्. "घोडीवर बसून मी गावात." टक्, टक्. "शिरलो." टक्. "पूर्णविराम."

"हं," अण्णा म्हणाले.

बापलेकीचं बोलणं म्हणून आमच्या घरात जे काही चालायचं, ते एवढंच. मी हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, अण्णांनी समोर बसून प्रुफावर नजर फिरवायची आणि वाक्य बिनचूक निघालं की 'हं' म्हणायचं. घोडीवर बसून गावात शिरलेला हा 'मी' म्हणजे एक निवृत्त मामलेदार. त्यांनी आपलं आत्मचरित्र आमच्याकडे छापायला दिलं होतं आणि तीनशे पानं झाली तरी ते घोडीवरून खाली उतरायला तयार नव्हते.

टक् म्हणजे काय, हे आजच्या माणसाला सांगितल्याशिवाय कळायचं नाही. त्या काळापर्यंत मराठी लिहिताना शब्दांच्या डोक्यावर ढीगभर टिंबं द्यावी लागत. 'घरांत', 'नाहीं', 'तूं', 'इथें'. त्यांचा उच्चार करायचा नसे. नुसती द्यायची. मग मोठ्यानं वाचताना समोरच्याला कसं कळावं की मूळ कागदावर टिंब आहे? माझ्या आईनं त्यावर तोड काढली होती. असं मुकं टिंब आलं की ती हातातली पाटली टेबलावर आपटायची. मी चौदा वर्षांची असताना आई गेली. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी अण्णांनी माझ्यासमोर हस्तलिखित ठेवलं. मला पाटली नव्हती, म्हणून मी पेन्सिल उचलली. तेव्हापासून दहा वर्षं मी टक् करत होते.

'निगुडकर आणि मंडळी, ग्रंथप्रकाशक व पुस्तकविक्रेते, मिरज' अशी आमची पाटी होती. पुढे दुकान, ते माझा थोरला भाऊ वामन बघायचा. मागे छापखाना. तिथे अण्णा, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे दस्तगीरचाचा आणि मी. वरच्या मजल्यावर अण्णा आणि मी राहायचो. वामनदादाचं बिऱ्हाड वेगळं होतं. मंडळी म्हणावी इतकी माणसं त्या पाटीमागे कधीच नव्हती.

छापखान्यात मशीनच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नसे. म्हणून कागद कापून उरलेल्या पट्ट्यांवर अण्णा लिहून द्यायचे. पुढे पुढे मशीन बंद असलं तरी पट्ट्याच. 'शाई संपली. वामनास सांगणें.' 'भातांत मीठ नाहीं.' समोरासमोर पाटावर बसलेलो असताना त्यांनी ही मिठाची पट्टी माझ्या ताटाशी सरकवली होती. टिंबं मात्र सगळी जागच्या जागी.

अण्णांच्या हातून टिंब गळणं म्हणजे देवाला नैवेद्य चुकण्यासारखं होतं. त्यातही 'का' आणि 'कां' यांत तर आमच्या घरी फार काटेकोर फरक असे. बाहेर कोणी पाळो न पाळो. 'का' म्हणजे होय की नाही ते सांग. 'कां' म्हणजे कारण सांग. आई गेल्यानंतर एकदा मी कागदाच्या रिमांमागे बसून रडत होते. अण्णा आले आणि माझ्या मांडीवर पट्टी ठेवून गेले. 'रडतेस कां?' मला असा राग आला! कारण काय त्यांना ठाऊक नव्हतं? पण मग टिंबाकडे लक्ष गेलं. टिंब नसतं तर त्यांनी 'रडते आहेस की नाही' असं विचारलं असतं. टिंब होतं म्हणजे रडते आहे हे त्यांनी पाहिलं होतं. तेवढ्यावर मी डोळे पुसले. आमच्या घरात एवढ्यावर भागवून घ्यावं लागे.

मामलेदारांच्या घोडीचं हे वाचन चाललं होतं तो शुक्रवार होता, त्रेसष्ट सालच्या नोव्हेंबरचा. आणि मला सोमवारी पुण्यात हजर व्हायचं होतं.

पुण्याच्या एका शब्दकोशाच्या कचेरीत मुद्रितशोधकाची जागा होती. अर्ज वामनदादानं भरून पाठवला, मुलाखतीला तोच घेऊन गेला. त्या कचेरीत एक लांबच लांब टेबल होतं आणि त्याच्या भोवती आठ माणसं बसून शब्दांवर वाद घालत होती. एक बाई डब्यातून चिवडा सगळ्यांपुढे फिरवत होत्या. त्यांनी माझ्यापुढेही डबा धरला आणि विचारलं, "तुमच्या मिरजेकडे उलथन्याला काय म्हणतात हो?" मग मी जी बोलत सुटले ती अर्धा तास. परतीच्या गाडीत माझा घसा दुखत होता. एवढं बोलायची सवयच राहिली नव्हती. मला त्या नोकरीचं काही नव्हतं. मला ते टेबल हवं होतं.

नेमणुकीचं पत्र आलं तसं मी ते अण्णांच्या टेबलावर ठेवलं. सरकारी पत्र, नव्या शुद्धलेखनाचं. सरकारनं आदल्या वर्षीच मुकी टिंबं काढून टाकली होती. अण्णांनी चष्मा लावला, लाल पेन्सिल घेतली आणि गळलेली सगळी टिंबं एकेक करून भरली. मग पत्र माझ्याकडे परत सरकवलं.

"सतरा चुका आहेत," ते म्हणाले.

मी वाट बघत उभी राहिले. पुढे काही नाही.

"म्हणजे जाऊ नको असंच ना?" मी दुकानात येऊन वामनदादाला विचारलं.

"म्हणजे सतरा चुका आहेत," तो म्हणाला. "अगं द्वारके, त्या माणसाच्या तोंडून सरळ वाक्य निघायची वाट बघशील तर तुझे केस पांढरे होतील. तिकीट काढलंय, रविवारची सकाळची गाडी आहे. मुकाट्यानं जा."

"आणि त्यांना वाचून कोण दाखवेल?"

"मामलेदाराची घोडी घोडीच्या पायानं जाईल. आणि मी सहा महिने सांगतोय ते मुलांच्या वाचनपुस्तकाचं काम नव्या नियमांनी केलं, तर टिंबं नाहीत आणि तुझं ते टक्‌टक्ही नाही."

हे पुस्तक म्हणजे घरातलं ठसठसणं होतं. एका शिक्षणसंस्थेनं तिसरीचं वाचनपुस्तक आमच्याकडे देऊ केलं होतं, अट एवढीच की नव्या नियमांनी छापा. "माझ्या छापखान्यात बोडकी अक्षरं छापली जाणार नाहीत," असं अण्णांनी वामनदादाला सांगितलं होतं. तेही पट्टीवर. आणि हट्टानं पुस्तकाची जुळणी टिंबांसकट करून ठेवली होती.

शनिवारी सकाळी मी नेहमीसारखी पेन्सिल घेऊन खाली गेले. मागच्या खोलीचं दार आतून लावलेलं होतं. मी दार वाजवलं तर दस्तगीरचाचांनी फटीतून डोकं बाहेर काढलं.

"आज वाचन न्हाई, आक्का. मालक म्हणले, तुमची बांधाबांध करा."

"काही झालंय का?"

"काय न्हाई. काम हाय." आणि दार बंद.

जाण्याच्या आदल्या दिवशी सुद्धा बाप समोर बसवून घेत नाही, याचं मला भयंकर वाईट वाटलं. बांधायला होतं काय माझ्याकडे? पाच लुगडी, आईचा फोटो, दोन कोश. दहा मिनिटांत ट्रंक भरली. मग दिवसभर त्या ट्रंकेवरच बसून राहिले. दुपारी चहा घेऊन खाली गेले, तेव्हा अण्णांनी समोरच्या कागदांवर हात आडवा टाकला, मला दिसू नयेत असा. हातात लाल पेन्सिल होती. वर बघितलं नाही. मी कप ठेवला आणि आले.

संध्याकाळी मी पाणी भरून वर आले तर ट्रंकेवर पट्टी होती. अण्णांचं अक्षर.

'तू इथे राहतेस का?'

मी ती तीनदा वाचली. मग खिडकीशी नेऊन शेवटच्या शब्दावर नखानं चाचपडून पाहिलं, पेन्सिल पुसट उमटली असेल म्हणून. नव्हतं. टिंब नव्हतं. का. होय की नाही ते सांग.

त्या माणसानं आयुष्यात मला काही मागितलं नव्हतं. भातात मीठसुद्धा मागितलं नव्हतं, नाही एवढंच कळवलं होतं. आणि आता, उद्या सकाळी गाडी असताना, 'राहतेस का' म्हणून विचारत होता. मला ते लांब टेबल दिसत होतं. चिवड्याचा डबा दिसत होता. मी पदर तोंडात कोंबून रडले, हमसून हमसून रडले, आणि खरं सांगते, त्यात आनंदही होता. कोणाला तरी मी हवी होते.

मग पट्टीवर त्यांच्या ओळीखाली लिहिलं, 'राहतें.' टिंब आठवणीनं दिलं. 'ती राहते' याला टिंब नाही, 'मी राहतें' याला आहे. राहणारी मीच, दुसरी कोणी नव्हे, एवढं त्या टिंबावरून कळायला हवं होतं.

खाली जाऊन पट्टी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती वाचली. एवढीशी ओळ, पण प्रूफ वाचावं तशी बराच वेळ वाचली. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला आणि परत वाचली.

"बरं," ते म्हणाले.

मी मनात म्हटलं, सुटले बिचारे.

वामनदादा रविवारी पहाटे टांगा घेऊन आला, तर मी चुलीपुढे.

"गाडी चुकेल ना!"

"मी नाही जात. अण्णांनी मला राहतेस का म्हणून विचारलं."

"कोणी? अण्णांनी?" तो दारातच बसला. "अण्णांनी विचारलं?"

"लिहून विचारलं."

तो उठला. "मग काय बोलणार," एवढंच म्हणाला आणि टांगा परत पाठवला.

सोमवारी अण्णांनी माझ्यापुढे प्रुफं ठेवली. तिसरीचं वाचनपुस्तक! पानापानावर लाल पेन्सिलीच्या खुणा, एकूण एक मुकं टिंब काढलेलं. मी तोंडाकडे बघायला लागले.

"नव्या नियमानं करायचं," अण्णा म्हणाले. "वाच."

मला वाटलं, फिट्टंफाट झाली. मी पुणं सोडलं, त्यांनी टिंबं सोडली. मी राहिले म्हणून त्यांनी छापखाना चालावा यासाठी मान तुकवली. केवढा अभिमान वाटला मला! मी वाचायला लागले. "ससा गवतात बसला होता. पूर्णविराम." पेन्सिल उचलली होती, पण आपटायला काही नव्हतं.

"हं," अण्णा म्हणाले.

मामलेदारसुद्धा पुढे नव्या नियमांनी घोडीवरून उतरले. अण्णांच्या टेबलावर कागददाब्याखाली ती पट्टी राहिली होती, ती मी उचलली आणि खिळ्यांच्या खणाखणांच्या पेटीत अनुस्वारांचा जो खण होता त्याच्या तळाशी घातली. खण पूर्वी दिवसातून वीसदा रिकामा व्हायचा. आता उच्चारात येणाऱ्या टिंबांपुरतेच खिळे लागत, तळापर्यंत हात जात नसे. तिथे कोणी ढवळाढवळ करणार नव्हतं.

अकरा वर्षं गेली. मी वाचायची, अण्णा 'हं' म्हणायचे. टक् गेल्यावर त्या खोलीत फार शांत झालं. काही वेळा वाटायचं, आता ते काही बोलतील. तेही कधी कधी प्रुफावरून डोळे काढून माझ्याकडे बघायचे, जणू मीच काही बोलणार आहे. मग दोघंही खाली बघायचो. माझं लग्न झालं नाही. मला पाहायला कोणी आलं तर अण्णा कधी आडवे आले नाहीत, पण मीच म्हणायची, अण्णांना सोडून नको. लोक म्हणायचे, केवढी बापाची माया! मी ऐकून घ्यायची. माया होतीच. पण तिच्यासोबत इतकं एकटं राहावं लागेल, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

चौऱ्याहत्तर साली अण्णा गेले. वामनदादानं छापखाना मोडायचं ठरवलं. खिळे ओतकामाला परत जाणार होते. दस्तगीरचाचांची नजर तोवर अधू झाली होती, तरी ते आले. आम्ही दोघं एकेक खण गोणपाटावर पालथा घालत होतो. अनुस्वारांचा खण पालथा केला आणि खिळ्यांबरोबर पट्टी बाहेर पडली. मी विसरले नव्हते, पण ती इतकी पिवळी पडली असेल असं वाटलं नव्हतं.

चाचांनी ती उचलून डोळ्यांपाशी नेली.

"आक्का, ही पट्टी अजून ठिवलीया?"

"तुम्हाला कशी माहीत?"

"माझ्याम्होरंच लिवली की मालकांनी. त्या दिवशी सकाळधरनं दार लावून बसलो हुतो न्हवं आम्ही? पोरांच्या पुस्तकातली टिंबं काढत."

"ते नंतर, चाचा. मी राहते म्हटल्यावर. सोमवारी."

"सोमवारी तुमच्याम्होरं ठिवली. काढली शनवारी. दीसभर काढत हुतो. मालक खोडायचे, मी जुळणीतनं खिळा उपसायचा."

"शनिवारी कशाला काढतील? शनिवारी तर मी जाणार होते."

"म्हणूनच की." चाचा खणाच्या कडेवर बोट फिरवत म्हणाले. "मी बी इचारलं. म्हणले, दस्तगीर, टक् करणारी चालली. आता ही टिंबं कुणासाठी ठिवायची? एवढं पोरांचं पुस्तक वामनच्या हातात देऊ आणि महिनाअखेरीला छापखान्याला कुलूप लावू."

मी गोणपाटावरचे खिळे गोळा करायला लागले.

"मग सांजच्याला म्हणले, अजून खाली येऊन 'जाते' म्हणंना ही. हिचं मन मागं कशापायी वढतंय? इचारतो. मी म्हणलं, मालक, तोंडानं इचारा की. तर म्हणले, तोंडानं इचारलं तर ती रडंल. आन् ती रडली की मीच म्हणंन, ऱ्हा. म्हणून मग ही पट्टी." त्यांनी ती माझ्या हातात दिली. "तुमचं उत्तर आलं, ते मला दाखवलं. म्हणले, पोरीचा जीव छापखान्यात अडकलाय रे. आता कुलूप लावता येत न्हाई. तुमच्यासाठी अकरा वरसं रेटलं बघा मालकांनी. न्हाईतर त्यांचं मन कवाच उडालं हुतं ह्यातनं."

पुढून वामनदादानं हाक मारली तसे चाचा गोणपाटाचं एक टोक धरून ओढत बाहेर गेले.

मी पट्टी उजेडात धरली. 'तू'. टिंब नाही. 'इथे'. टिंब नाही. अण्णा निगुडकरांच्या हातचे तीन शब्द बोडके होते आणि मी, दहा वर्षं लोकांच्या चुका पकडणारी मी, एकच शब्द बघत बसले होते. सकाळपासून शेकडो टिंबं खोडलेला तो हात. पट्टीवर तरी त्यानं टिंबं कुठून द्यावीत?

अण्णांनी 'राहतेस का' असं विचारलं नव्हतं. 'तू इथे कशासाठी राहतेस', असं विचारलं होतं. आणि मी खाली लिहून दिलं होतं, राहतें. कारण नाही, काही नाही, नुसतं राहतें. त्यांनी ते निमूटपणे मान्य केलं. ते माझ्यासाठी राहिले आणि मी त्यांच्यासाठी, एका टेबलाच्या दोन बाजूंना, अकरा वर्षं.

मला ओरडावंसं वाटलं. कोणावर, ते कळेना. वामनदादाला सांगण्यात अर्थ नव्हता आणि चाचांना सांगितलं असतं तर त्यांनी स्वतःला दोष दिला असता. हे टिंबाचं ज्याला कळलं असतं असा एकच माणूस होता.

अण्णांच्या टेबलावर पेन्सिल पडलेली होती. मी माझ्या नेहमीच्या जागी बसले, पट्टी समोर ठेवली आणि जिथे जिथे हवी होती तिथे टिंबं दिली. तीन. मग ती मोठ्यानं वाचली.

"तू." टक्. "इथे." टक्. "राहतेस का." टक्. "प्रश्नचिन्ह."

आणि मी थांबले, 'हं' येईपर्यंत थांबायची सवय होती म्हणून.